दोन्ही रिमोट

अलिबाग स्टँडवर रेवदंड्याच्या बसची वाट बघणाऱ्या नलूच्या कानावर मागच्या बाकावरचं बोलणं आलं.

"विनेश, आज लवकर सुटलास?"

"व्हिडिओ गेमचं दुकानच बंद झालं, काका. आता सगळे मोबाईलवर खेळतात."

"बारा वर्षं होतास ना तिथं?"

"तेरा. आज शेवटचा दिवस, म्हणून टीव्हीवर क्रिकेट लावून बसलो. म्हटलं, जुनं गिऱ्हाईक कोणी आलं तर एक डाव खेळू."

"मग?"

"कोणीच न्हाय आलं. दोन्ही रिमोट मीच घेतले. बॉलिंग माझी, बॅटिंगपण माझी."

"मग जिंकलं कोण?"

"समोरचा."

काका नागावच्या रिक्षाकडे गेले. बस लागली. नलू चढून बसली, मागोमाग विनेशही चढला. नलूनं मासळीची रिकामी पाटी शेजारच्या सीटवरून उचलून मांडीवर घेतली.

"ये रे बाबा, हितं बस."