पाचवं नाव

जिंतूरच्या स्टँडवर परभणीची गाडी लागत नव्हती आणि कस्तुराबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. मागच्या बाकावर दोघं बोलत होते.

"वाळूचोरांची खबर देणाऱ्यांची यादी तर गुप्त होती म्हणं. फुटली कशी?"

"आमदारसाहेबानंच गावच्या ग्रुपवर टाकली. वाळूवाल्या भाच्याला धाडायलेते, बोट चुकलं."

"मग साहेबाला कोनी इचारलं का न्हाई?"

"त्यास्नी कोन इचारतंय? हापिसातली कॉम्प्युटरवाली पोरगी घरी बसवली."

"आन् यादीतले?"

"पाचातल्या चौघांनी सकाळीच बॉण्डवर लिहून दिलं, आमी खबर दिलीच न्हाई."

"पाचवा?"

"बोरीची बाई हाय कोनतरी. बाईमाणूस, ती बी देईल."

कस्तुराबाई मागं वळली.

"न्हाई देनार. भाच्याला आमची नावं कशाला पायजे होती, हेच कलेक्टरसायबाला इचारायला निघालीय ती."