तळव्यांची खाज

धाकटी : साबणाचीच खाज आहे गं, ताई. दिवसभर लॉन्ड्रीत हात सोड्यात. उगाच दवाखान्यात आणलंस मला.

थोरली : हात असतात सोड्यात. तळपाय का खाजतायत? पायानं धुतेस का कपडे?

धाकटी : हसवू नकोस गं, पोट ओढतं.

थोरली : पाय दाखव. अगं आई गं! सोलून काढलंयस की. कशानं?

धाकटी : कंगव्यानं. झोपच लागत नाही. हे म्हणतात, आठवा सरतोय, पोट ताणतं, खाज येणारच.

थोरली : पोट ताणतं. तळवे नाही ताणत.

धाकटी : तू एवढी का घाबरलीस?

थोरली : मला अश्शीच यायची. माझ्या बाळाच्या वेळी.

धाकटी : कधी बोलली नाहीस ते!

थोरली : बाळच गेलं. मग खाजेचं काय बोलायचं?

डॉक्टर : रिपोर्ट आलेत, बसा दोघी. बाळाचे ठोके चांगले आहेत, आधी ते सांगते. पण तुमचं लिव्हर बिघडलंय.

धाकटी : कावीळ?

डॉक्टर : डोळे अजून पिवळे नाहीत. पण गरोदरपणात कधीकधी लिव्हरमधलं पित्त नीट वाहून जात नाही, रक्तात साठतं. म्हणून अंगावर पुरळ नसतानाही खाज येते. लघवी गडद होते का?

धाकटी : कोऱ्या चहासारखी. वाटलं, पाणी कमी पडतंय.

थोरली : बाळाला काय होतं त्यानं?

डॉक्टर : ह्यांच्या रक्तात पित्ताचं प्रमाण फार वाढलंय. एवढं वाढलं की बाळाचे ठोके अचानक थांबू शकतात. आज चांगले आहेत म्हणून उद्याची खात्री नाही. बाळ लवकर बाहेर काढू या.

धाकटी : पण दिवस कुठे भरलेत? केवढंसं असेल ते!

डॉक्टर : लहान असेल. पेटीत ठेवावं लागेल, श्वासाला मदत लागेल कदाचित. पण त्यावर माझ्याकडे उपाय आहे. पोटात काही झालं तर नाही.

धाकटी : ताई, तू बोल ना काहीतरी.

थोरली : डॉक्टर, हे बहिणीबहिणींत असतं?

डॉक्टर : असू शकतं. तुम्हालाही झालं होतं?

थोरली : माझे दिवस भरत आले होते. झोपताना हलत होतं, उठले तर नाही. आदल्या दिवशी मी ओल्या चादरींचं गाठोडं उचललं होतं. सासूबाई म्हणाल्या, गाठोड्यानं घात केला. मीही तेच धरून बसले.

डॉक्टर : आणि तळवे?

थोरली : दाराच्या चौकटीला घासायची.

डॉक्टर : तेव्हा रक्त तपासलं नाही, त्यामुळे हेच होतं असं मला म्हणता येणार नाही. पण एक गाठोडं उचलल्यानं बाळ असं जात नाही. हे मात्र छातीठोक सांगते.

धाकटी : ताई... इकडे बघ. डॉक्टर, सही कुठे करायची? काढा बाळ.

(दोन दिवसांनी. बाळांच्या खोलीबाहेर, काचेपाशी. धाकटी चाकाच्या खुर्चीत.)

धाकटी : मला इथून नीट दिसत नाही. कशी आहे?

थोरली : चिमणीएवढी. नाकात नळी आहे. पण मूठ अशी आवळलीय, जणू भांडायलाच निघालीय.

धाकटी : मावशीवर गेली.

थोरली : खाज गेली का गं?

धाकटी : कमी झालीय. काल पहिल्यांदा गाढ झोपले. ताई, तुझं बाळ... मुलगा होता की मुलगी, तेही मी कधी विचारलं नाही.

थोरली : मुलगी. कुणीच नाही विचारलं. नर्सनं लांबूनच दाखवली. भरपूर केस होते.

धाकटी : घेतलं नाहीस तिला?

थोरली : नको म्हणाले. वाटलं, माझ्यामुळे गेली, आता कोणत्या तोंडानं घेऊ?

डॉक्टर : बाळाच्या आईचे टाके ताजे आहेत, पेटीपाशी उभं राहणं अजून नको. मावशी, तुम्ही येता का आत? हात स्वच्छ धुवा आणि पेटीत नुसता तिच्या पाठीवर ठेवा. घरच्या माणसाचा स्पर्श बरा असतो.

थोरली : मी?

धाकटी : जा ना.

थोरली : थांबा हं डॉक्टर. हात गार पडलेत, जरा चोळून घेते.