सूतभर वर

नत्थुजी : थांब. नी उतरला. परत सा पासून घे.

हर्षा : काका, पाचव्यांदा! खाली कुलदीपदादा टेम्पोचा हॉर्न वाजवून राहिले.

नत्थुजी : वाजवू दे. माह्या पोराले तेवढा एकच सूर येते.

हर्षा : आज त्यांच्या फ्लॅटवर राहायला जायचंय ना तुम्हाला?

नत्थुजी : मी जाईन. हा माणसाहून उंच डबल बास त्या लिफ्टमधी मावत नाही. एक हॉटेलवाला मागते, दारात शोभेले उभा करतो म्हणे. तू सप्तक सरळ वाजवलं तर हा तुह्यासंग तुह्या गावी, अमरावतीले. ठरलं होतं ना?

हर्षा : तुम्ही दांडीवरच्या माझ्या टिकल्या काढल्या नसत्या तर केव्हाच वाजलं असतं. बोट कुठे ठेवायचं ते तरी दिसायचं.

नत्थुजी : अकोल्याच्या उन्हात तार उतरते, टिकली हालत नाही. कानाले विचार. सुरांची दोन पावलं पूर्ण, मंग अर्धं. पुढं तीन पूर्ण, शेवटी अर्धं.

हर्षा : पाठ आहे मला. हातालाच येत नाही. तुम्ही एकदा दाखवा ना.

नत्थुजी : माही बोटं वळत असती तर हा तुले कायले देत होतो? वाजव.

(हर्षा वाजवते. सातव्या सुरावर अडते.)

हर्षा : काका, कडेला ही जुनी लाल टिकली तुमचीच ना? मी बरोबर तिच्यासमोर बोट ठेवते, तरी उतरतो.

नत्थुजी : म्हणूनच उतरते.

हर्षा : म्हणजे टिकलीच चुकीची?

नत्थुजी : सूतभर वर आहे. चाळीस वर्षांपासून.

हर्षा : आणि महिनाभर मला बोलला नाहीत?

नत्थुजी : बोललो असतो तर माह्या बोलण्यावर बोट ठेवलं असतं तू. डोळे मीट. खाली सरक, तिकडं सूर चढते. आणखी जरा.

हर्षा : हा. हाच.

नत्थुजी : आता हात सरकवून वरचा सा घे.

हर्षा : लागला. काका, लागला.

नत्थुजी : ऐकलं.

हर्षा : मग चुकीची होती तर काढली का नाही?

नत्थुजी : गोदानं लावली होती. मी नवा होतो, रोज नी चुके. तिनं कपाळाची काढली, म्हणे इथं ठेवा बोट. तिले सुरातलं काही समजत नव्हतं.

हर्षा : काकूंना कळलं नाही कधी?

नत्थुजी : शेवटपर्यंत तिले वाटे, तिच्या टिकलीनं मी वाजवतो. मी दोनदा डिंक लावून चिकटवली.

हर्षा : काढून देऊ तुम्हाला?

नत्थुजी : नको, जाऊ दे तुह्यासंग. पुसताना तेवढी जागा सोडजो.