तेदोरी नदीच्या पलीकडे

२००४च्या मार्चमध्ये नेवार्क विमानतळावरून एडिसनला निघालेल्या ट्रेनमध्ये रत्नाला मागच्या सीटवरून मराठी ऐकू आलं. नागपूरहून आलेले एक काका होते, आणि त्यांना घ्यायला आलेला त्यांच्या मुलाचा रूममेट.

“अनीश, यशोधनची पीएचडी नेमकी कशावर आहे रे? मला कधी नीट कळलंच नाही.”

“जपानमधल्या एका लढाईवर, काका. सव्वाचारशे वर्षं झाली. एका सरदारानं किल्ल्याला वेढा घातला, तर तो सोडवायला दुसऱ्याची फौज निघाली. तेदोरी नदी ओलांडल्यावर त्यांना कळलं, किल्ला आधीच पडलाय.”

“मग?”

“मागे फिरले. पण नदीला पूर, आणि शत्रू पाठीवर. कितीतरी सामुराई बुडाले.”

“वाटेत कुणी सांगितलं नाही त्यांना?”

“नाही, काका.”

“आपण हॉस्पिटलमध्येच जातोय ना? आयसीयूत यशोधनजवळ सोडतील मला?”

“आधी घरी जाऊ. थोडं खाऊन घ्या.”

“माझ्याकडे बघ, अनीश. यशोधन आहे ना रे?”



“काल गेला, काका. तुम्ही विमानात होतात.”

“मग आता मी कुठं चाललोय?”