खोक्यावरच्या एकशेवीस फ्रेम

राव, माझ्यासारखा शहाणा अख्ख्या चाकणमध्ये सापडायचा नाही, ऐकाच.

कंपनीत मी बाहेरून आलेले पार्ट तपासतो, हे तुम्हाला माहितीये. "लेबल वाचून दाखवू नका, मोजून दाखवा," हे माझं ठरलेलं वाक्य. त्या दिवशी सकाळी मी कांबळेभाऊंचा अख्खा लॉट मापात जरा कमी भरला म्हणून नापासाचा लाल टॅग लावून परत पाठवला; ते मशीनबद्दल काहीतरी सांगत होते, ते ऐकूनही घेतलं नाही. भोसरीत त्यांचं छोटं वर्कशॉप आहे, आणि राहायला ते आकुर्डीत आमच्याच बिल्डिंगमध्ये.

संध्याकाळी तेच घरी आले. मी नवा गेम कन्सोल लावून बसलो होतो.

"बघा भाऊ, फोर-के! सेकंदाला एकशेवीस फ्रेम, म्हणजे तेवढी चित्रं! डोळ्यांना फरक कळतो."

"मोजल्या का?"

"खोक्यावर लिहिलंय की!"

भाऊंनी रिमोट घेतला आणि टीव्हीच्या मेनूतून फ्रेमचा आकडा स्क्रीनवर आणला. बावन्न. गेममधल्या शर्यतीत गाड्या वाढल्या तसा तो एक्केचाळीसवर आला.

मी म्हणालो, "गेम जड आहे हो. लोड आला की थोडं खाली येणारच."

"माझ्या मशीनबद्दल सकाळी मी हेच सांगत होतो. ऐकलंत?"

आतून बायको मोठ्यानं हसली. भाऊंनी खिशातून सकाळचाच लाल टॅग काढला. मला वाटलं, आता कन्सोलला लावतात. त्यांनी तो माझ्या शर्टाच्या बटणात अडकवला.

"त्या बिचाऱ्या कन्सोलचं काय चुकलं?" ते म्हणाले. "न मोजता पास करणारा तुम्ही."