कानापुरतं

—न्हाय, न्हाय, मान तशीच ऱ्हाऊ दे, मावशी. माझ्याकडं बघू नका, त्या खिडकीकडं बघा. कंटाळा आलाय ते कळतंय मला. सकाळच्या हुपरीच्या गाडीनं आलासा, एकडाव च्या झाला, आणि बाळासोनं तुमास्नी सांगितलं हुतं की बावड्याला केरबा पुतळेवाल्याकडं जायचं, जरा कानापुरतं बसायचं नि परत यायचं — आणि कानाला असा किती येळ लागतोय, आँ? बरोबर हाय तुमचं. पर आता आलंयच जवळ. कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत हे व्हायला पायजे, कारण भोंगा झाला की बाळासो येणार, भावकीतली चार माणसं घिऊन येणार, ह्या मातीत आपल्या आईचं तोंड बघणार आणि म्हणणार, व्हय, हीच — याला आमी माती पास करणं म्हंतो — आणि त्येनं मान हालवली की आमचा आकाराम प्लास्टर कालवून साचा मारणार. एकदा साचा मारला की माती गेली, मग कुणी कायबी म्हणू दे, बदलत न्हाई. मग त्यात सिमेंट वतायचं, वाळवायचं, रंग द्यायचा, आणि वर्षश्राद्धाला तुमची थोरली भन, पारूबाई, तुमच्या रानात समाधीवर जाऊन बसणार. म्हंजे जे काय करायचं ते आत्ता. हनुवटी जरा खाली. हां.

त्या फळीकडं नदर गेली न्हवं तुमची? जातीयच सगळ्यांची. त्यो घोडा हाय, पाय ऱ्हायल्यात. त्यो उघडा दिसतोय त्यो पैलवान, त्येला मुंडकं न्हाई — म्हंजे करायला घेतलंतं, तालमीच्या वस्तादाचा पुतळा, त्येचा नुसता फाटका फोटू हुता, म्हणून तालमीत जाऊन बसलो, आणि तितं त्या माणसांचं कुस्तीत चेचलेलं कान बघितलं, आणि मावशी, मला कानांचाच नाद लागला. पैलवान ऱ्हायला बाजूला, मी नुसतं कानच करत बसलो. त्या डब्यात हाईत बघा, कानच कान. बघू नका, बघू नका, सांगतोय नुसतं. म्हंजे कान मला येतोय, त्येची काळजी नको. एका शाळेनं फाटकाला दोन सिंव्ह सांगितलं हुतं — एक डावीकडं, एक उजवीकडं. पयला असा झाला की बारकी पोरं जवळनं जाईनात. दुसऱ्याला बसलो आणि दारात मांजरीनं पिल्लं घातली. आता समोर मांजर पिल्लांस्नी चाटत बसलेली असताना माणसानं सिंव्ह कसा करायचा, तुमीच सांगा. झालं, त्येचं तोंड पार मांजराचं झालं. हेडमास्तर म्हणालं, केरबा, ह्येला बशीत दूध द्यावं वाटतंय. आजून त्या फाटकाच्या एका खांबावर सिंव्ह हाय नि दुसऱ्यावर तुळशीची कुंडी — हसू नका, गाल वर जातोय. हसा वाटलं तर, पर परत तसंच बसायचं. लोक म्हणत्यात केरबाला येत न्हाई. येतंय, मला सगळं येतंय. एक धरून बसाय तेवढं येत न्हाई.

आता ह्ये तुमास्नी सांगायचं कारण न्हवतं खरं. पर बसलाईसाच, आणि मी गप ऱ्हायलो की माझा हात बी थांबतोय. आमची घरची ह्यापायीच कबनूरला म्हायेरी जाऊन बसलीया, पोरगीला घिऊन. तिचा बाप मागावरचा कामगार. जलमभर त्याच त्या मागांम्होरं उभा ऱ्हायलेला माणूस, त्येला माझं ह्ये कसं उमगावं — आणि खरं सांगायचं तर मलाबी त्येचं उमगत न्हाई. त्येनं हितं कारखान्यात वळख लावून जागा बघितली माझ्यासाठी, गेटवर, वॉचमनची. मी न्हाई म्हनलं. मग मला जोतिबाला नेलं, हातात गुलाल दिला, आणि बायकू, सासरा दोघांनी माझ्याकडनं वदवून घेतलं — एक तोंड. फकस्त एक. लोकांनी सांगितलेलं, सांगितल्या वक्ताला झालेलं, पास झालेलं. झालं तर केरबानं खुशाल मातीत हात घालावा, आमी परत तोंड उघडणार न्हाई. न्हाय झालं तर सोमवारपासनं खाकी कापडं घालायची, आणि मातीचं नाव काढायचं न्हाई. गुलाल हातात घिऊन व्हय म्हनलं मी. लई मोठ्यांदा म्हनलं. आणि जाताना आमच्या हिनं काय करावं? घरातली सगळी माती शेजारणीच्या खोलीत कोंडली, कुलूप घातलं, किल्ली कनवटीला लावून गेली. मला एका मुंडक्यापुरती ठेवली. दारुड्याची बाटली लपवत्यात तशी माती लपवली बघा. तिचं म्हणणं, माती एकच असली की ह्यो जाईल कुठं.

सोमवारी भोंगा झाला की मी गेटवर उभा. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांसाठी गेटची दोरी सोडायची नि बांधायची. वाईट काम न्हाई ते, माझ्यापेक्षा बरी माणसं करत्यात. पर मी तितं गेलो तर दोन दिसात कुणाच्यातरी नाकाकडं बघत बसीन नि ट्रक बिगरपावतीचा जाईल. मला भ्या वाटतंय, मावशी. लई भ्या वाटतंय. जरा डावीकडं — तुमचं डावं न्हवं, माझं. हां, बास.

पारूबाईचा फोटू म्हंजे तुमच्या घरात ते एक निवडणुकीचं कार्ड. तेवढाच. लगीन झालं तवा फोटू काढायची पद्धत न्हवती, आणि मग सवड न्हवती. आणि त्या कार्डावर तर सगळीच माणसं चोरागत दिसत्यात, डोळं आर्धं मिटलेलं, नाकापाशी शिक्का, आणि कान पार अंधारात गेलेलं. पर मी केलं त्यावरनं. खरंच केलं. रेडिओ शेजाऱ्याला दिऊन टाकला, दाराला आतनं कडी, कुणी हाक मारली तर ओ देईना. कार्डाकडं बघायचं, मातीकडं बघायचं, कार्डाकडं बघायचं, मातीकडं बघायचं. कारखान्याची काजळी पडती म्हणून फडकं ओलं करून झाकायचं, सकाळी उघडायचं, परत तेच तोंड. जीव जाईल असं वाटायचं, पर धरलं. परवा बाळासो आला. हितं दारातच उभा ऱ्हायला, हातात मोटरसायकलची किल्ली फिरवत, आणि म्हणाला — चालतंय की. तेवढंच. नुसतं कान ऱ्हायलं हुतं, तर त्योच म्हणाला, आईचं नि मावशीचं कान एकागत हाईत, दीस ठरवून तिला पाठवतो. म्हंजे झालंच हुतं बघा. कान लावायचं, फडकं टाकायचं, बाळासोची वाट बघत बसायचं. कोण बी शाणा माणूस बसला असता.

तेच विचारतासा न्हवं? मघापासनं तुमच्या तोंडावर तेच हाय. कान झालं का.

कान कवाच झालं, मावशी. तुमचा च्या निवायच्या आत झालं.

उठू नका. सांगतो. उठू नका, पाया पडतो तुमच्या. कान लावलं नि तुमास्नी म्हणणारच हुतो, चला, एस्टीची येळ झाली. तेवढ्यात तुमी ते सांगाय लागलासा — मी विचारलं बी न्हवतं, तुमीच आपलं कपात बघून बोललासा — की लगीन झालं त्याच सालात नवऱ्यानं म्हायेरी आणून सोडलं, मग पारूनं आपल्या घरी नेलं, तवापासनं तितंच, म्हसरं, चूल, बाळासोला न्हाणं-धुणं. रडून सांगितलं असतं तर मी ऐकून सोडून दिलं असतं. तुमी रडला न्हाईसा. खिडकीकडं बघितलासा आणि हितं, ह्या जबड्यापाशी, एक शीर उठली नि परत बसली. माझा अंगठा गेला. म्हनलं एवढंच. कानाच्या खाली जबडा येतोय, जबडा बरोबर नसला तर कान चिकटवल्यागत दिसतोय, म्हंजे ह्ये कानाचंच काम हाय — अशी मी माझी समजूत घालतो, दरवक्ताला घालतो, सिंव्हाच्या येळंला बी घातलेली. जबड्यावरनं गाल आला. गाल फिरला म्हनल्यावर डोळ्याखालचा खड्डा खोटा दिसाय लागला. त्यो केला. मग डोळा. पारूबाईचा डोळा कार्डावरचा, त्येच्यात काय न्हवतंच, काढला नि तुमचा बसवला. आमच्या हिनं सगळी माती कोंडली, पर माणसाला भटकायचं असलं की एका मुंडक्याची माती बी लई झाली बघा.

आता उठा. मान मोडून आली असंल. असं हिकडनं या, उजेडाकडनं. पाय जपून, बादली हाय.

बोला की. आता बोलाय हरकत न्हाई.

व्हय. तुमीच हाईसा. पारूबाई न्हाई. सांगा ते, तोंडावर सांगा, शिव्या घाला. बाळासोनं आपल्या आईचं तोंड सांगितलेलं, आणि मी जित्त्या माणसाचं करून बसलोय, समाधीवर बसवायला. कसला अपशकुन हाय ह्यो, मला काय कळत न्हाई व्हय. मागं फिरवतो मी. आत्ता फिरवतो. कार्ड हाय, हात हाईत, भोंग्याला आजून जरा येळ हाय. डोळं बुजवतो, जबडा काढतो, ते चालतंय म्हनलेलं तोंड परत बसवतो. ते मला आता झोपेत बी जमतंय. बाळासो मान हालवंल, आकाराम साचा मारंल, आमची ही पोरगीला घिऊन घरी येईल, सगळं जितल्या तितं. सरका जरा, माती कोरायची पट्टी कुठं गेली माझी.

पर मावशी, एकडाव नीट बघा हिच्याकडं. मग मोडतो. इतकी वर्सं मातीत हाय मी, फळीभर हात-पाय-मुंडकी करून ठेवल्यात, आणि माझ्या हातनं पुरं झालेलं ह्ये एकच तोंड. आता हिला कुठं हात लावावा असं वाटत न्हाई, आणि असं मला कवाच वाटलेलं न्हाई, कवाच न्हाई. आणि पुरं झालं ते भलत्याचंच झालं. न्हाय, तुमास्नी भलतं म्हनलं न्हाई मी. मी आपल्या नशिबाला म्हनलं.

काय?

असू दे म्हंतासा? म्हंजे, कसं असू दे? मावशी, तुमी जित्त्या हाईसा. दर वर्सी लोक येणार, हिला हार घालणार, हिच्या पाया पडणार, आणि तुमी तितंच बाजूला म्हशीला गवत घालत उभ्या. आणि बाळासो वळखंल की. त्यो तुमच्या हातावर मोठा झाला, मावशीचं तोंड त्येला —

परत म्हणा. हळू म्हनलासा, ऐकाय आलं न्हाई.

“त्यो माझ्या तोंडाकडं बघून कवा बोललाय.”

हां.

मी बी तुमास्नी कानापुरतंच बोलावलंतं. बसा खाली. पाणी घ्या. न्हाय, मी विचारतोय ते नीट ऐका, मग मागनं म्हणू नका केरबानं फसवलं — पारूबाई तुमची सख्खी भन, तिनं तुमास्नी घरात घेतलं, तिच्या समाधीवर तिचं तोंड नसणार. चालंल तुमास्नी? मनाला खाणार न्हाई ते? मला खाईल बहुतेक. मला बायकू परत मिळंल, माती परत मिळंल, आणि हुपरीच्या वाटेला लागलो की मी मान खाली घालून जाईन. तुमचं सांगा.

“पारूला सगळं मिळालं. माझा मेल्यावर कोण करणार हाय.”

व्हय. न्हाई कोण करणार. खोटं कशाला बोलू. बाळासो दहाव्याला जेवाण घालंल, चांगलं घालंल, पर पुतळा न्हाई करणार.

भोंगा. ऐकला न्हवं? झाला. आता बोलाय येळ न्हाई. मोटरसायकल वाजती का बघा — न्हाय, तुमी नका जाऊ दाराशी, मी बघतो. हिला हात लावू नका, ओली हाय, बोट उठंल. कप तिकडं सारा. ते कार्ड माझ्याकडं द्या, खिशात टाकतो, उगं कुणी जुळवत बसाय नको. आता मी सांगतो तसं करायचं. बाहीर कट्ट्यावर जाऊन बसायचं. ती माणसं आत आली की सगळ्यांच्या मागनं यायचं, आणि तुमीच पयलं म्हणायचं, पारूच हाय. रडू आलं तर येऊ दे, ते बरंच हाय. तुमी म्हनल्यावर न्हाई म्हणायची कुणाची छाती व्हायची न्हाई. डोळं पुसा. आणि मावशी, पदर घ्या तोंडावर. फुडं वडा. आजून फुडं. दोन्ही तोंडं त्येला एका जागी दिसाय नकोत. हां, आता जावा.