बाबांची पिशवी

तपासणीच्या रांगेत आजीचा नंबर सतरावा होता, पण कान केव्हाच शेजारच्या बाकावरच्या मायलेकींकडे जाऊन बसले होते.

"आई, घाबरू नकोस. बाबांचं हृदयाचं ऑपरेशन छान झालंय, पण किडन्या रुसल्यात. सकाळी लघवीचं इंजेक्शन दिलं, तरी पिशवी कोरडी. बारापर्यंत वाट बघून डायलिसिसचं ठरवणार आहेत."

"त्यांच्या किडन्या कशाला रुसतील? चाळीस वर्षांत मी त्यांना रुसायला सवड दिली नाही."

"अगं, नर्सनं स्वतः बघितलंय."

"कोरडी असणारच. दहाला तुझी आत्या भेटायला येणार होती."

"तिचा काय संबंध?"

"तिच्यासमोर ती भरलेली पिशवी लटकत ठेवू? खालची तोटी उघडली, संडासात ओतली, वरून पुसून लख्ख केली. लग्नापासून माझ्या घरात धूळ शोधतेय ती."

"आई, ती मोजायची असते. तासातासाला."

"लघवी?"

"किती होती?"

"चांगली अर्धी पिशवी."

"त्या बघ, बाबांच्या वॉर्डातल्या सिस्टर इकडेच येतायत. चल, आत्ताच्या आत्ता सांग."

"सांगते की. मी काय भिते? अहो सिस्टर, दहाची लघवी मी ओतली. अर्धी पिशवी होती."

"तरीच. आत्ता बघितलं तर पुन्हा भरायला लागलीय. डॉक्टरांना सांगते, डायलिसिसचं ते बघतील. पण आता पिशवीला हात लावायचा नाही."

"नाही लावत. पण वन्सं संध्याकाळी परत येणार आहेत. वरून एखादा टॉवेल टाकला तर चालेल?"

सतरावा नंबर दोनदा पुकारला गेला. आजीला ऐकूच आला नाही.